तीन सह्या

एडिसनच्या त्या घरात २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा कागदांनाच अधिक जागा लागत होती. थोरली मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. न्यू जर्सीतील त्या वसाहतीत ज्या ज्या घरी असे मूल होते, त्या प्रत्येक घरी संध्याकाळी एकाच प्रश्नाचा खल चाले : पहिला अर्ज कोठे करायचा?

महाराष्ट्रातील वाचकांस या प्रश्नातील गुंता चटकन उमगणार नाही. बारावीनंतर सीईटी, नीट किंवा जेईई द्यावी, गुण पाहावेत, पसंतीक्रम भरावा आणि यादीची वाट पाहावी, ही इकडची रीत. अमेरिकेतील निवडक महाविद्यालये गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रे आणि शाळेबाहेरचे कामही वाचतात. हार्वर्ड, येल यांसारख्या ठिकाणी शंभर अर्जदारांतील चार-पाचांनाच होकार मिळतो. नियमित फेरीचे अर्ज साधारणतः जानेवारीच्या आरंभी जातात आणि उत्तर मार्चअखेर येते. त्याआधी एक आगाऊ फेरी असते. तिची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास.

या आगाऊ फेरीचेही प्रकार आहेत. कॉर्नेल, कोलंबिया, ब्राउन, पेनसिल्व्हेनिया, डार्टमथ येथे ‘अर्ली डिसिजन’ असते. असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो आणि होकार आला तर तेथेच जाण्याचा शब्द आधीच दिलेला असतो. इतर सारे अर्ज मागे घ्यावे लागतात. प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड येथील आगाऊ अर्जात असा शब्द द्यावा लागत नाही. मात्र त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात आगाऊ अर्ज करण्यास मनाई असते. राज्याच्या अनेक विद्यापीठांत ‘अर्ली ॲक्शन’ असते. तेथे बंधन नाही; उत्तर लवकर मिळते आणि १ मेपर्यंत विचार करण्यास मोकळीक राहते.

म्हणजे आगाऊ फेरीत विद्यार्थ्याच्या हाती मोठा डाव एकच. तो कोठे टाकायचा, यावर त्या घरात तीन मते होती.

आईचा कल प्रिन्स्टनकडे होता. घरापासून मोटारीने तासाभराच्या आत, बंधन नाही, आणि मदतीचा हात सढळ. प्रिन्स्टनने २००१ मध्येच विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीतून कर्ज काढून टाकले आणि त्या जागी अनुदान देण्यास आरंभ केला. शिवाय मुलगी जवळ राहिली तर शनिवारी डबा पोहोचविता येईल, हेही आईच्या मनात होते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरातील शिरस्ता वसतिगृहात कसा निभेल, याची तिला काळजी होती. डिसेंबरात तिकडे सूर्य साडेचारलाच मावळतो.

वडिलांचे म्हणणे निराळे होते. ते संगणकक्षेत्रातले, आकडे पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांनी गेल्या काही वर्षांचे तक्ते करून पाहिले होते आणि त्यांतून एका तिसऱ्याच विद्यापीठाचे नाव वर आले होते. तेथे वर्गातील मोठा हिस्सा बांधील फेरीतूनच भरला जाई, म्हणून तेथे डाव टाकला तर जिंकण्याचा संभव सर्वाधिक. नाव मोठे, इमारती देखण्या. मुलगी जूनमध्ये ते आवार पाहून आली होती. परतताना गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती आणि आवडले का, असे विचारल्यावर ‘छान आहे’ एवढेच म्हणाली होती.

तिचे मन इथाकात होते. कॉर्नेल विद्यापीठाचे ते गाव न्यूयॉर्क राज्यात, कयुगा सरोवराच्या काठी, घरापासून सुमारे चार तासांवर. तेथील कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकविले जाते. सतरा वर्षांच्या, अमेरिकेत वाढलेल्या मुलीस मातीची ओढ कोठून लागली, हे शेजाऱ्यांस कोडेच होते. त्याचे मूळ शिरोळ तालुक्यात होते. दहा वर्षांची असताना ती उन्हाळी सुटीत आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, शेतावर गेली होती. नदीकाठच्या एका तुकड्यावर जमीन पांढरीफटक दिसत होती. तिला ते बर्फ वाटले. तिने बोट लावून चाखले, तर खारट. अण्णा म्हणाले होते, ‘पाणी जास्त पाजलं की जमीन असं मीठ ओकती बघ.’

कृष्णा-पंचगंगेच्या काठची ही कथा त्या भागातील घराघरांस ठाऊक आहे. उसाला वर्षानुवर्षे पाटपाणी भरपूर मिळाले, निचरा मात्र झाला नाही. भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले आणि पाण्याची वाफ होऊन क्षार मागे राहिले. सोन्यासारखी काळी जमीन क्षारपड झाली. मुलीने पुढे शाळेत विज्ञानाचा प्रकल्प केला तो याच विषयावर, आणि तेथून ती ओढ सुटली नाही.

शाळेच्या समुपदेशिकाबाईंनी तिन्ही मते ऐकून घेतली. बांधील फेरीत होकाराचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा बरेच अधिक असते, हे त्यांनी मान्य केले. महाविद्यालयास आपल्या जागा किती भरतील याची खात्री हवी असते, आणि शब्द दिलेला विद्यार्थी म्हणजे भरलेली जागा. मात्र त्या आकड्यांत खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुले असतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, आणि ज्यांची तयारी वर्षभर आधीच पूर्ण झाली आहे अशीही मुले असतात. साध्या घरातील साध्या अर्जदारास मिळणारा लाभ तक्त्यात दिसतो त्याहून कमीच असतो. वडिलांनी ते लिहून घेतले आणि त्या रात्री तक्ता पुन्हा मांडला. तरीही तिसऱ्या विद्यापीठाचे नाव वरच राहिले.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आपली आगाऊ फेरीच बंद करण्याचे जाहीर केले होते. ज्यांना पैशांची तुलना करावी लागत नाही अशा सुखवस्तू मुलांनाच ती फेरी सोयीची पडते, असे त्यांचे कारण होते. इतर फारसे कोणी मागून आले नाही, आणि २०११ मध्ये दोघांनीही ती फेरी पुन्हा सुरू केली. तेव्हाचा आक्षेप मात्र खोटा ठरलेला नाही. चार ठिकाणचे होकार हाती असले तर कोण किती मदत देतो हे पाहून निवड करता येते. शब्द आधीच दिला तर हाती एकच आकडा राहतो.

वडील यावर म्हणाले, ‘पैशांचं आम्ही बघू. तू फक्त कुठं जायचं ते ठरव.’ मध्यमवर्गीय मराठी घरात हे वाक्य मोठ्या प्रेमाने उच्चारले जाते, आणि ते ऐकणाऱ्या मुलास पुढे बोलण्यास वाव राहत नाही.

अण्णा ऑगस्टपासून मुलाकडे राहावयास आले होते. इंग्रजी कागद त्यांस वाचता येत नसत, पण टेबलावरची चर्चा ते लक्षपूर्वक ऐकत. एका संध्याकाळी नातीने बांधील अर्जाचा करारनामा छापून आणला तेव्हा त्यांनी चष्मा लावून त्याच्या तळाशी बोट ठेवले.

‘हितं सह्या कुणाकुणाच्या हायत, बाळ?’

‘तीन आहेत, अण्णा. एक माझी, एक आई किंवा बाबांची आणि एक शाळेतल्या बाईंची.’

‘मग तिघांस्नी सगळं ठावं पायजे. बाईंचं ऱ्हाऊ दे. तुला तुझ्या बापाचं ठावं हाय का?’

मुलगी गप्प राहिली. वडिलांनी कागद आवरण्यास सुरुवात केली.

सह्यांचे मोल अण्णांस ठाऊक होते. गावातील क्षारपड जमीन सुधारण्यासाठी शेतकरी एकत्र आले, तेव्हा जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून साचलेले पाणी बाहेर काढावयाचे होते. असा निचरा एकट्याच्या शेतापुरता होत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचे तर मुख्य पाइप शेजाऱ्यांच्या रानातून जावा लागतो. मध्येच एकाने संमती नाकारली तर मागच्या साऱ्यांचे काम अडते. अण्णा त्या संमतीसाठी दारोदार फिरले होते. पहिल्या खेपेस लोकांनी भिडेखातर सह्या केल्या. खर्चाचा वाटा समोर आल्यावर त्यांतील कित्येकांनी हात आखडला. दुसऱ्या खेपेस अण्णांनी आधी प्रत्येकाच्या ओसरीवर बसून एकरी किती खर्च, कर्ज किती, हप्ता किती वर्षे हे मांडले आणि मग कागद पुढे केला. त्या वेळी सह्या कमी मिळाल्या. पण जेवढ्या मिळाल्या तेवढ्या टिकल्या. उरलेले वर्षभरात स्वतःहून आले.

दोन दिवसांनी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, त्या घरात हिशेबाची वही उघडली गेली. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो; २०११ पासून कायद्यानेच तो ठेवावा लागतो. घरचे उत्पन्न, बचत, भावंडे यांची माहिती भरली की अनुदान वजा जाता अंदाजे किती भरावे लागेल ते त्यात दिसते. कॉर्नेलचा पूर्ण खर्च तेव्हा वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर होता. तेथील कृषी महाविद्यालयात न्यूयॉर्कच्या रहिवाशांस शुल्कात सवलत आहे. न्यू जर्सीच्या मुलीस ती लागू नव्हती. गुणवत्तेसाठी वेगळी शिष्यवृत्ती आयव्ही लीगमधील कोणतेच विद्यापीठ देत नाही. जी मदत ती गरज पाहून. त्या घरासाठी आकडा आला वर्षाला ४४ हजार.

‘जमेल,’ वडील लगेच म्हणाले.

‘कसं जमेल, ते दाखवा ना बाबा,’ मुलगी म्हणाली.

मग आईनेच वही पुढे ओढली. घराचा हप्ता, विमा, चार वर्षांनी येणारे धाकट्याचे शिक्षण, आणि दर महिन्यास शिरोळला जाणारी रक्कम. कॅल्क्युलेटरच्या रकान्यांत त्या शेवटच्या रकमेस जागा नव्हती. ती कशासाठी जाते, हे मुलीस त्या रात्री प्रथमच कळले. निचऱ्याच्या कामासाठी घेतलेल्या कर्जाचा तो हप्ता होता.

आणि त्यामागची गोष्टही तेव्हाच बाहेर आली. १९९२ मध्ये वडिलांस अभियांत्रिकीस प्रवेश हवा होता. शासकीय महाविद्यालयात गुण कमी पडले. खासगी महाविद्यालयात देणगी भरावी लागणार होती. अण्णांनी गावालगतची दीड एकर जमीन विकली. ती रानातील सर्वांत चांगली, उताराची, निचऱ्याची जमीन होती. मागे उरली ती नदीकाठची सखल, आणि पुढे तीच मिठाने पांढरी पडली. वडिलांस हे कळले ते पदवी हाती आल्यावर, तेही गावातील दुसऱ्याच कोणाकडून. ‘पैशांचं मी बघतो’ एवढेच अण्णा तेव्हा म्हणाले होते. बत्तीस वर्षांनंतर मुलाच्या तोंडी तेच वाक्य आले होते, आणि ते आपण कोठून उचलले हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

‘अण्णा, मला विचारलं असतं तर मी डिप्लोमाला गेलो असतो,’ वडील म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जमीन विकली त्येचं वाईट न्हाई वाटत. तुला सांगितलं न्हाई, ती चूक झाली. पोराला फेडायचं किती ते ठावं नसंल तर त्यो जलमभर फेडतच ऱ्हातो.’

त्या रात्री कोणी निर्णय घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आईने नवा हिशेब मांडला. काहीही न विकता, धाकट्याच्या वाट्यास हात न लावता आणि शिरोळचा हप्ता न थांबवता किती देता येईल? आकडा आला ३६ हजार. मुलीने उन्हाळ्यात आणि आठवड्यातील काही तास आवारात काम केले तर आणखी चार. म्हणजे ४०. त्यापलीकडे जावयाचे नाही, असे ठरले आणि ते कागदावर लिहिले गेले. बांधील करारातून सुटण्याचा एक मार्ग नियमांतच असतो : मिळालेली आर्थिक मदत खरोखर अपुरी पडत असेल तर तसे कळवून शब्दातून मोकळे होता येते. मात्र अपुरी म्हणजे किती, हे होकाराच्या आनंदात ठरविता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते.

वडिलांचा तक्ता अजून भिंतीवर होता. मुलगी त्यापुढे उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, ‘बाबा, पहिल्या नावाला होकार आला तर मला आनंद होईल. पण दुसऱ्या दिवशी इथाकाचे अर्ज मागे घेताना वाईट वाटेल. जिथं वाईट वाटणार आहे तिथं शब्द कसा देऊ?’ प्रिन्स्टनविषयी ती आईशी वेगळे बोलली. तेथे भूविज्ञान आहे, परिसरशास्त्र आहे, कृषिमृदाशास्त्र नाही. नियमित फेरीत ती तेथेही अर्ज करील, कारण पैशांच्या दृष्टीने आईचे म्हणणे खरे आहे. पण आगाऊ फेरीतील एकुलता अर्ज केवळ नावासाठी आणि जवळ आहे म्हणून खर्च करू नये, असे तिला वाटत होते. आईस ते पटावयास दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने डब्याचा विषय काढला नाही, यावरून घरातील सर्वांस तिचा होकार कळला.

वडिलांनी तक्ता स्वतः काढला. त्यांना तो निर्णय अव्यवहारी वाटत होता, आणि त्यांनी ते लपविलेही नाही. ‘शंभरातले किती कमी झाले, ते मला माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘तुलाही माहीत असू दे, म्हणजे झालं.’

कॉर्नेलबरोबर तिने रटगर्सलाही अर्ज केला. राज्याचे विद्यापीठ, बंधन नाही, आणि खर्च कॉर्नेलच्या पूर्ण खर्चाच्या निम्म्याहून कमी. वसाहतीत रटगर्सचा उल्लेख ‘काहीच नाही जमलं तर’ अशा सुरात होई. मुलीने मात्र वाचून काढले होते की सेलमन वॅक्समन तेथेच मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत, आणि १९४३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने तशाच एका मातीतील जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयावर गुण देणारे ते पहिले प्रतिजैविक. वॅक्समन यांस १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तिने हे अण्णांस सांगितले तेव्हा ते चकित झाले. त्यांच्या थोरल्या बंधूंस मिरजेच्या दवाखान्यात महिनोन्महिने त्याच औषधाची इंजेक्शने दिली गेली होती आणि ते बरे होऊन घरी आले होते. ‘मग ह्ये कालीज बी काय कमी न्हाई की,’ अण्णा म्हणाले. त्यानंतर त्या घरात रटगर्सचे नाव खालच्या सुरात घेतले गेले नाही.

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पणत्या लागल्यावर करारनाम्यावर सह्या झाल्या. आधी मुलीची, मग वडिलांची. समुपदेशिकाबाईंची सही दुसऱ्या दिवशी शाळेतून गेली. अण्णा शेजारी बसून होते. नोव्हेंबरअखेर ऊसतोड सुरू झाली म्हणून ते गावी परतले.

डिसेंबरच्या मध्यास निकाल आला. होकार नव्हता, नकारही नव्हता. अर्ज नियमित फेरीत पुन्हा विचारासाठी पुढे ढकलला गेला होता. असा अर्ज पुढे ढकलला गेला की दिलेले बंधनही संपते. वडिलांच्या हे प्रथम ध्यानात आले. आता चार ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील, असे ते म्हणाले, आणि आपण हे फार लवकर बोललो असे वाटून थांबले. मुलगी आत जाऊन काही वेळ रडली. मग डोळे धुऊन बाहेर आली आणि वहीतील तो ४० हजारांचा कागद तिने पुन्हा वाचला.

‘हा आकडा सगळीकडे तोच राहील ना?’ तिने विचारले.

‘तोच,’ आई म्हणाली.

रात्री अण्णांस दूरध्वनी केला. त्यांच्याकडे सकाळ होती. पाठीमागे उसाच्या गाड्यांचा आवाज येत होता. नातीने सारे सांगितले. त्यांनी रडलीस का, असे विचारले. तिने हो म्हटले. मग त्यांनी नदीकाठच्या तुकड्याची हकीकत सांगितली. पाइप पुरल्याला तिसरे वर्ष होते. कडेचा पांढरा पट्टा अजून गेला नव्हता, पण मधल्या भागात यंदा गहू उगवला होता.

‘किती उगवलाय, अण्णा?’

‘मोजून सांगतो,’ अण्णा म्हणाले, ‘अंदाजानं न्हाई सांगत.’

तिने वही उघडून तारीख घातली आणि वाट पाहत बसली. जानेवारीच्या अर्जांना अजून दोन आठवडे अवकाश होता.